पॅकेज मोफत वाटायचं असलं, तरी प्रत्येक फाईलचा मालक शोधावा लागतो

प्रश्न थोडक्यात असा आहे. मराठी टायपिंग आणि शुद्धलेखनाच्या सरावाचा एक प्रोग्रॅम तुम्ही तयार केलाय. मूळ कोड गिटहबवर (प्रोग्रॅमचे कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर) सापडला, पण त्याच्या लेखकाने लायसन्सची, म्हणजे वापराच्या परवानगीची, फाईल ठेवलेली नाही. त्यावर तुम्ही पायक्यूटी या पडदे-बटणं बनवण्याच्या साधनाने नवा इंटरफेस केला आणि मंगल फॉन्ट सोबत दिला. शब्दांची यादी एका संकेतस्थळावरून घेतली, सरावाचे उतारे पाठ्यपुस्तकांतून आणि कवितांतून घेतले आणि मदतीच्या पानांसाठी दोन जावास्क्रिप्ट लायब्ररी (तयार कोडचे संच) जोडल्या. आता विंडोजचा इन्स्टॉलर आणि लिनक्ससाठी डेब पॅकेज करून ते जिल्हा परिषदेच्या शाळांना द्यायचंय. पुढेमागे डेबियन या लिनक्सच्या मोफत संचातही (अशा संचांना वितरण म्हणतात) जावं अशी इच्छा आहे. तुम्ही विचारता, एक रुपयाही घेत नाही, मग कॉपीराइटची अडचण येते कुठे?

अडचण प्रत काढण्यापाशीच सुरू होते. पैशांचा मुद्दा फार नंतरचा. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्रॅम साहित्यकृतीतच मोडतो. तो लिहिला गेला त्या क्षणापासून त्याला संरक्षण मिळतं. नोंदणी लागत नाही, कॉपीराइटचं चिन्ह छापावं लागत नाही. प्रत काढणं, ती लोकांना देणं, फेरफार करून नवं रूप तयार करणं हे सगळे हक्क कलम १४ प्रमाणे मालकाचे. तुम्ही इन्स्टॉलर बांधून वाटता तेव्हा यातल्या पहिल्या दोन गोष्टी होतातच, आणि इंटरफेस बदलला तेव्हा तिसरीही झाली. ‘खासगी वापराला चालतं की’ असं अनेक जण सांगतात. तशी सवलत कलम ५२ मध्ये आहे, पण त्याच वाक्यात संगणक प्रोग्रॅम वगळलेला आहे, हे फार थोड्यांनी वाचलेलं असतं. शिकवण्याच्या ओघात शिक्षक-विद्यार्थ्यांनी काढलेल्या प्रतींना निराळी मुभा आहे. इन्स्टॉलर बांधून जिल्हाभर वाटणं त्या मुभेत बसवायला मी तरी धजणार नाही.

मी वकील नाही. बरीच वर्षं पॅकेजं बांधते आहे आणि इतरांनी बांधलेली तपासते आहे, त्या अनुभवावरून सांगते. पॅकेज बांधणारा माणूस आत असलेल्या प्रत्येक फाईलच्या मालकाच्या वतीने अनोळखी लोकांना शब्द देत असतो: हे घ्या, वापरा, पुढे द्या, तुम्हाला कुणी अडवणार नाही. सोलापूरच्या शाळेतले मास्तर तुमच्या भरवशावर ते वीस संगणकांवर घालतात आणि शेजारच्या शाळेला पेन ड्राइव्हवर देतात. तो शब्द खरा ठरायचा तर परवानगी ज्याची आहे त्याच्याकडूनच आलेली हवी, लेखी हवी, आणि प्रत्येक प्रतीबरोबर पुढे गेली पाहिजे. बाकीचं सगळं यातूनच निघतं.

मोफत दिलेल्या सॉफ्टवेअरच्या अटींना न्यायालयात वजन असतं का, याचं एक स्पष्ट उत्तर अमेरिकेत छोट्याशा प्रकल्पामुळे मिळालं. रॉबर्ट जेकबसन हे हौशी लोकांच्या छोट्या रेल्वेगाड्या चालवण्यासाठी लिहिलेल्या जेएमआरआय या मुक्त प्रोग्रॅमच्या लेखकांपैकी एक. आर्टिस्टिक लायसन्सखाली तो कुणालाही फुकट मिळत होता. त्याच क्षेत्रातल्या एका विक्रेत्याच्या उत्पादनात त्यातल्या फाईली गेल्या. लेखकांची नावं, कॉपीराइटच्या सूचना आणि काय बदललं याच्या नोंदी मात्र गळाल्या. जिल्हा न्यायालयाचं म्हणणं पडलं की हा फार तर कराराचा भंग होईल, कॉपीराइटचा नाही. फेडरल सर्किटच्या अपील न्यायालयाने १३ ऑगस्ट २००८ रोजी तो आदेश रद्द केला. पैसे न घेता दिलेल्या लायसन्सलाही अटी असतात, त्या अटींपलीकडे जाऊन केलेली प्रत हा कॉपीराइटचा भंग ठरू शकतो, आणि पैसा मिळत नसला तरी नाव, प्रसार आणि परत येणाऱ्या सुधारणा यांत लेखकाचं हित असतं, असं त्या न्यायालयाने मांडलं. हा निकाल भारतातल्या न्यायालयांवर बंधनकारक नाही. पण फुकट देणाऱ्यालाही काहीतरी हवं असतं, ही गोष्ट तुमच्या गिटहबवरच्या लेखकालाही लागू आहे.

आता त्या लेखकाकडे वळू. लायसन्स नाही याचा अर्थ ‘सगळे हक्क राखीव’ असाच होतो. सार्वजनिक भांडार, म्हणजे कोडच्या फाईलींची जागा, उघडलं की गिटहबच्या नियमांप्रमाणे इतरांना ते पाहायला आणि गिटहबच्याच आत फोर्क करायला, म्हणजे आपली प्रत काढायला, मिळतं. बाहेर नेऊन वाटण्याची परवानगी त्यात येत नाही. तेव्हा त्यांना लिहा. ‘तुमचा कोड वापरू का?’ असं मोघम विचारलं की ‘खुशाल वापरा’ असं तितकंच मोघम उत्तर येतं, आणि त्या उत्तरावर पॅकेज उभं राहत नाही. आपल्या कायद्यात याचं आणखी एक कारण आहे. हस्तांतरणाच्या कागदात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरायची आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता धरायचा, असं कलम १९ सांगतं. कलम ३०अ हीच तरतूद परवान्यांनाही लावतं. म्हणजे ‘खुशाल वापरा’ला पाच वर्षांनी आणि देशाच्या सीमेवर धार उरत नाही. अपाची २.० या मुक्त सॉफ्टवेअरच्या तयार लायसन्समध्ये ‘कायमस्वरूपी’ आणि ‘जगभर’ हे दोन्ही शब्द लिहिलेले आहेत, जीपीएल या तशाच दुसऱ्या लायसन्सच्या तिसऱ्या आवृत्तीत ‘कॉपीराइटच्या संपूर्ण मुदतीसाठी’ असं आहे. म्हणून घरगुती वाक्यरचना करण्यापेक्षा या दोहोंपैकी एक त्यांच्यापुढे ठेवा.

मी अशा वेळी साधारण असं पत्र लिहिते:

‘नमस्कार. तुमचा अमुक प्रोग्रॅम आम्ही मराठी शाळांसाठी पॅकेज करून मोफत देऊ इच्छितो. भांडारात लायसन्स नसल्यामुळे आम्हाला तो वाटता येत नाही. तुम्ही तो अपाची २.० किंवा जीपीएल ३ (अथवा पुढील कोणतीही आवृत्ती) या लायसन्सखाली प्रसिद्ध कराल का? तयारी असेल तर लायसन्सचा पूर्ण मजकूर भांडारात घालावा. कोडमध्ये इतर कुणाचं योगदान असेल, किंवा तो नोकरीत असताना लिहिलेला असेल, तर तेही कळवावं. पॅकेजमध्ये तुमचं नाव मूळ लेखक म्हणून राहील.’

यातला प्रत्येक भाग मुद्दाम घातलेला आहे. लायसन्स भांडारातच पडलं की परवानगी तुमच्या ईमेलच्या पेटीत अडकून राहत नाही. उद्या तुम्ही हे काम सोडलं तरी पुढच्याला ती दिसते. नोकरीबद्दल विचारायचं, कारण नोकरीच्या कामाचा भाग म्हणून लिहिलेल्या कोडचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, कलम १७ प्रमाणे मालक-कंपनी असते. लेखकाने मनापासून दिलेली परवानगीही मग पुरत नाही. योगदान देणाऱ्यांचं विचारायचं, कारण ज्याने शंभर ओळी पाठवल्या त्या शंभर ओळी त्याच्या आहेत. ओपनएसएसएल या इंटरनेटवरची देवाणघेवाण सुरक्षित करणाऱ्या मुक्त प्रकल्पाला आपलं जुनं लायसन्स सोडून अपाची २.० वर यायचं होतं तेव्हा त्यांना जुन्या योगदानकर्त्यांना गाठून संमती मागत बसावं लागलं. २०१५ मध्ये जाहीर केलेला बदल सप्टेंबर २०२१ च्या ३.० आवृत्तीत पुरा झाला. तुमच्या लेखकाच्या भांडारात बहुधा दोन-चारच नावं असतील. पण गिटचा (कोडमधल्या बदलांच्या नोंदी ठेवणाऱ्या साधनाचा) इतिहास उघडून ती बघाच. परवानगी ईमेलने आली तरी चालते: २०१२ च्या दुरुस्तीनंतर कलम ३० मध्ये ‘लेखी’ एवढंच उरलंय, सहीची अट गेली आहे, आणि माहिती तंत्रज्ञान कायदा २००० इलेक्ट्रॉनिक नोंदीला लेखी मानतो.

नेमक्या शब्दांवर मी एवढी अडते ते पाइनमुळे. वॉशिंग्टन विद्यापीठाचा हा ईमेल वाचण्याचा प्रोग्रॅम १९९० च्या दशकात जगभरच्या विद्यापीठांत वापरात होता. त्याच्या जुन्या लायसन्समध्ये वापरण्याची, प्रती काढण्याची, बदल करण्याची आणि वाटण्याची परवानगी एकाच वाक्यात दिलेली होती. सगळ्यांनी ते मुक्त सॉफ्टवेअर समजून घेतलं. पुढे विद्यापीठाने असा अर्थ लावला की बदल करण्याची परवानगी वेगळी आणि वाटण्याची वेगळी. बदललेली प्रत वाटायची परवानगी आम्ही दिलेली नाही. मालकच असं म्हणतो म्हटल्यावर डेबियनला बांधलेलं पाइन देता येईना. विद्यापीठाने २००७ च्या अखेरीस अल्पाइन हा त्याचा वारस अपाची २.० खाली आणला तेव्हा कुठे तो गुंता सुटला. वाक्य सैल असेल तर त्याचा अर्थ मालक लावेल, पॅकेज बांधणारा नाही.

लेखकाने ‘फक्त शाळांसाठी वाटा’ असं कळवलं तर? शाळांना द्यायला ते पुरेल, डेबियनला पुरणार नाही. डेबियनचे मुक्त सॉफ्टवेअरचे निकष जुलै १९९७ पासून लागू आहेत, आणि त्यांत क्षेत्रावरून भेद नको, व्यक्तींवरून भेद नको, परवानगी केवळ डेबियनपुरती नको, असं स्वच्छ लिहिलंय. डग्लस क्रॉकफर्ड यांच्या जेसन (माहितीच्या देवाणघेवाणीची एक मांडणी) लायसन्समधलं ‘हे सॉफ्टवेअर चांगल्यासाठी वापरावं, वाईटासाठी नव्हे’ हे एक वाक्य या निकषांत बसलं नाही, म्हणून पीएचपी या प्रोग्रॅमिंगच्या भाषेतला जेसनचा भाग वितरणांना बदलावा लागला आणि पीएचपी ७ मध्ये मुळातच नवा आला. हेतू कितीही उदात्त असला तरी वापरणाऱ्याला पुढच्या प्रत्येक वापराचा हिशेब द्यावा लागेल अशी अट घातली की ती वस्तू मोकळी राहत नाही. लेखकाला हे नीट समजावून सांगा. बहुतेक जण ऐकतात.

फॉन्टवर मला सगळ्यात जास्त बोलायचंय, कारण मराठी सॉफ्टवेअरची गाडी हमखास इथेच अडते. मंगल मायक्रोसॉफ्टच्या विंडोजबरोबर येतो. तुमच्या संगणकावर तो आहे म्हणून त्याची फाईल उचलून इन्स्टॉलरमध्ये घालण्याचा हक्क तुम्हाला मिळत नाही. आणि गरजही नाही. शाळेच्या संगणकावर जुनं विंडोज असेल तर मंगल तिथे आहेच; विंडोज १० पासून तो ऐच्छिक फॉन्टांत गेला, पण मायक्रोसॉफ्टचा निर्मला यूआय हा देवनागरी दाखवणारा फॉन्ट तिथे असतो. प्रोग्रॅमला फक्त नावाने मागू द्या. पेन ड्राइव्हवरून पेन ड्राइव्हवर फिरणारे जुने, युनिकोडपूर्व व्यावसायिक मराठी फॉन्ट तर पूर्ण टाळा. ते विकत घेतलेल्या संगणकापुरते असतात, आणि ‘सगळेच वापरतात’ हे कुठल्याच लायसन्समधलं कलम नाही.

त्याऐवजी जे खुलेपणाने दिलेले आहेत ते घ्या. मुंबईच्या एक टाइपचे मुक्ता आणि बालू, नोटो सान्स देवनागरी, लोहित देवनागरी हे सगळे एसआयएल या संस्थेच्या ओपन फॉन्ट लायसन्सखाली, म्हणजे ओएफएलखाली, मिळतात. ओएफएलच्या अटी सोप्या आहेत, पण त्या पाळायच्या असतात. लायसन्सचा मजकूर आणि कॉपीराइटची ओळ फॉन्टबरोबर गेली पाहिजे. फॉन्ट सुटा विकता येत नाही. प्रोग्रॅमबरोबर दिला तर चालतो. फॉन्टमध्ये बदल केला तर बदललेला फॉन्टही ओएफएलखालीच राहतो. मूळ कर्त्याने नाव राखीव ठेवलं असेल तर बदललेल्या फॉन्टला ते नाव लावता येत नाही. फाईल लहान करायला तुम्ही लॅटिन अक्षरं कापून टाकली तर तोही बदलच, हे लक्षात ठेवा. या फॉन्टमध्ये छापलेला मजकूर किंवा पीडीएफ मात्र ओएफएलखाली येत नाही, तेव्हा शिक्षकांनी काढलेल्या प्रश्नपत्रिकांची चिंता नको. निवडताना मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ दिसतात की नाही ते पडद्यावर तपासा. लायसन्स चोख पण अक्षर हिंदी वळणाचं, असा फॉन्ट पहिलीच्या मुलांपुढे ठेवू नये.

डेब पॅकेजमध्ये तर फॉन्ट घालूच नका. नोटो आणि लोहित डेबियनमध्ये स्वतंत्र पॅकेजं आहेत, त्यांच्यावर अवलंबन दाखवा, म्हणजे ती आपोआप सोबत बसतात. एखादा फॉन्ट वाटताच येत नसेल तर काय करतात याचा नमुना मायक्रोसॉफ्टच्या एरियल, टाइम्स वगैरे वेब-फॉन्टांत आहे. त्यांच्या जुन्या अटींप्रमाणे ते मूळ इन्स्टॉलरच्या फाईलीतच, जसेच्या तसे पुढे देता येतात. म्हणून डेबियनच्या पॅकेजमध्ये फॉन्ट नसतात. पॅकेज बसवताना ते वापरकर्त्याच्या संगणकावर उतरवून घेतले जातात, आणि ते पॅकेजही मुख्य विभागात नसून कॉन्ट्रिबमध्ये, म्हणजे मुक्त नसलेल्या गोष्टींवर विसंबणाऱ्या पॅकेजांच्या विभागात, आहे. तुमचा प्रोग्रॅम मंगलवाचून चालतच नसेल तर त्यालाही तीच जागा मिळेल. ते टाळता येण्यासारखं आहे, तर टाळा.

शब्दयादीबद्दल लोक दोन टोकांना जातात. एक म्हणतात शब्द कुणाच्या मालकीचे नसतात, दुसरे म्हणतात यादीला हातच लावू नका. सर्वोच्च न्यायालयाने ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक या प्रकरणात डिसेंबर २००७ मध्ये सांगितलं की केवळ श्रम घेतले एवढ्यावर कॉपीराइट मिळत नाही, थोडं तरी कौशल्य आणि विवेक त्यात दिसला पाहिजे. तेव्हा यंत्राने मोजून काढलेल्या सुट्या शब्दांच्या यादीवर हक्क सांगणं अवघड. पण कुणी इयत्तेनुसार, काठिण्यानुसार शब्द निवडून लावले असतील, अर्थ लिहिले असतील, तर ती त्याची कृती झाली. तुमच्या यादीत अर्थ आहेत, म्हणून ती काढा. मराठी विकिपीडियाच्या मजकुरातून वारंवारतेप्रमाणे शब्द वेगळे काढणं हे छोट्या स्क्रिप्टचं काम आहे. विकिपीडियातली वाक्यं घेतलीत तर मात्र क्रिएटिव्ह कॉमन्स बीवाय-एसए ४.० हे लायसन्स पाळायचं: श्रेय द्यायचं आणि तो मजकूर त्याच लायसन्सखाली पुढे द्यायचा. जुन्या कोशांकडे वळाल तर मोल्सवर्थचा कोश, ज्याची दुसरी आवृत्ती १८५७ ची, कॉपीराइटबाहेर आहे. तो ज्या संकेतस्थळावर डिजिटल रूपात आहे तिथल्या अटी तरी वाचा. १९३० च्या दशकात निघालेला दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश ‘जुना’ आहे म्हणून मोकळा होत नाही; संयुक्त कृतीत शेवटी गेलेल्या कर्त्याच्या मृत्यूपासून मुदत मोजतात.

हाच हिशेब उताऱ्यांना. लेखक वारला त्या वर्षानंतरच्या जानेवारीपासून साठ वर्षं. केशवसुत १९०५ मध्ये गेले, बालकवी १९१८ मध्ये. त्यांच्या ओळी आणि तुकोबांचे अभंग बिनदिक्कत घ्या. कुसुमाग्रज १९९९ मध्ये गेले, त्यांच्या कविता २०५९ च्या अखेरीपर्यंत परवानगीशिवाय घेता येणार नाहीत. त्या मुलांच्या तोंडी असतात हे खरं, पण पाठ असणं वेगळं आणि इन्स्टॉलरमध्ये भरून वाटणं वेगळं. पाठ्यपुस्तकांवर बालभारतीची कॉपीराइटची सूचना छापलेली असते; सरकारी संस्थेचं म्हणजे आपलंच, असा अर्थ त्यातून निघत नाही. सरकारी कृतींनाही प्रकाशनापासून साठ वर्षांचं संरक्षण आहे. केंद्राच्या खुल्या माहिती-संकेतस्थळावरची आकडेवारी फेब्रुवारी २०१७ च्या सरकारी ओपन डेटा लायसन्सखाली असते, ती श्रेय देऊन घेता येते; पाठ्यपुस्तकं त्यात येत नाहीत. सर्वांत सोपं म्हणजे चार शिक्षकांना नवे उतारे लिहायला सांगा आणि त्यांच्याकडून क्रिएटिव्ह कॉमन्स बीवाय ४.० वर (श्रेय देऊन कुणालाही वापरता येईल अशा लायसन्सवर) लेखी संमती घ्या. मुलांना आपल्या गावातले, आपल्या बोलीच्या जवळचे उतारे मिळतील, हा माझ्या मते मोठाच फायदा.

चित्रं आणि आवाज असतील तर तोच नियम. ‘रॉयल्टी-फ्री’ संकेतस्थळांवर विसंबू नका: पिक्साबेने २०१९ मध्ये आणि अनस्प्लॅशने २०१७ मध्ये सीसी-झीरो (सगळे हक्क मोकळे करणारं लायसन्स) सोडून स्वतःच्या अटी आणल्या, आणि त्या डेबियनच्या निकषांत बसत नाहीत.

आता पायक्यूटी. ती रिव्हरबँक या कंपनीची, आणि जीपीएल ३ किंवा विकतचं व्यावसायिक लायसन्स असे दोनच पर्याय देते. तुम्ही ती वापरून प्रोग्रॅम वाटता म्हणजे संपूर्ण प्रोग्रॅम जीपीएल ३ शी जुळणाऱ्या अटींवर द्यावा लागतो. मूळ लेखकाने अपाची २.० किंवा एमआयटी हे छोटं मुक्त लायसन्स दिलं तर जुळतं. त्याने ‘केवळ जीपीएल २’ दिलं, म्हणजे ‘किंवा पुढील आवृत्ती’ हे शब्द नसले, तर जुळत नाही, आणि दोन्ही लायसन्सं मुक्त असूनही तुम्हाला ते एकत्र वाटता येत नाही. वरच्या पत्रात मी ‘पुढील कोणतीही आवृत्ती’ का घातलं, ते यासाठी.

इथे डेब आणि विंडोज इन्स्टॉलर यांच्यात मोठा फरक पडतो. डेबमध्ये तुमचा कोड तेवढा असतो. क्यूटी (पायक्यूटीच्या मुळाशी असलेली लायब्ररी), पायथन वगैरे डेबियन स्वतः पुरवतं, त्यांच्या सोर्ससकट, म्हणजे मूळ कोडसकट. विंडोजच्या इन्स्टॉलरमध्ये तुम्ही त्या सगळ्या लायब्ररी स्वतःच्या हाताने वाटता, म्हणून त्यांच्या अटीही तुमच्यावर येतात. पायथनचा प्रोग्रॅम विंडोजसाठी बांधून देणाऱ्या पायइन्स्टॉलरचं लायसन्स जीपीएल असलं तरी बांधलेल्या प्रोग्रॅमसाठी त्यात खास सूट आहे, तिथे अडचण नाही. क्यूटी आणि पायक्यूटीच्या ज्या आवृत्त्या आत आहेत त्यांचा सोर्स मात्र द्यावा लागेल. शाळांना पेन ड्राइव्हवर देणार असाल तर त्याच ड्राइव्हवर ‘सोर्स’ नावाचा फोल्डर ठेवा आणि विषय संपवा. ‘मागितल्यास देऊ’ असं लिहून ठेवलं की ते वचन वर्षानुवर्षं सांभाळावं लागतं. आवाजासाठी एफएफएमपेग हे मुक्त साधन घातलं असेल तर ते कुठल्या पर्यायांनी बांधलंय ते बघा: साधं एलजीपीएल (जीपीएलचं सौम्य रूप), जीपीएलचे भाग चालू केले की जीपीएल, आणि ‘नॉन-फ्री’ पर्याय चालू केला की ते पुढे वाटताच येत नाही.

जावास्क्रिप्टच्या दोन लायब्ररी बहुधा एमआयटीच्या असतील. एमआयटीची अट एकच: कॉपीराइटची ओळ आणि परवानगीचा मजकूर प्रत्येक प्रतीत राहिला पाहिजे. फाईल दाबून लहान करणारी साधनं नेमकी हीच टिप्पणी उडवतात. डेबियनसाठी तर दाबलेली फाईल चालतच नाही, कारण सोर्स म्हणजे माणसाने जिच्यात बदल करायचा ती फाईल. लायब्ररी डेबियनमध्ये असेल तर तिच्यावर अवलंबून राहा आणि आपल्या सोर्समधून दाबलेली प्रत वगळून टारबॉल (सोर्सचा गठ्ठा) पुन्हा बांधा. आवृत्तीच्या क्रमांकाला ‘डीएफएसजी’ची (डेबियनच्या निकषांच्या इंग्रजी आद्याक्षरांची) शेपटी लावतात ती अशाच वेळी.

एवढं झालं की डेबियन फोल्डरमधली कॉपीराइट नावाची फाईल लिहायला घ्या. नव्या पॅकेजच्या रांगेत डेबियनचे स्वयंसेवक ही फाईल सोर्सशी ताडून वाचतात आणि सर्वाधिक पॅकेजं इथेच परत येतात. लायसन्सचेक हे साधन आधी चालवा, पण त्याच्यावर थांबू नका. ते फाईलच्या माथ्यावरचा मजकूर वाचतं. चिन्हं, आवाज, भाषांतराच्या फाईली, चाचणीसाठी ठेवलेले नमुने आणि ‘व्हेंडर’ किंवा ‘थर्ड पार्टी’ नावाचे फोल्डर तुम्हाला स्वतः उघडून पाहावे लागतात. रीडमीत एमआयटी आणि फाईलच्या माथ्यावर ‘सर्व हक्क राखीव’ असं दिसलं तर अंदाज बांधू नका, लेखकाला विचारा. जीपीएल आणि अपाचीचा पूर्ण मजकूर डेबियनच्या समाईक फोल्डरमध्ये असतो, त्याचा उल्लेख पुरतो. एमआयटीचा मजकूर पूर्ण उतरवावा लागतो, कारण त्यातली कॉपीराइटची ओळ दर वेळी वेगळी असते. आणि प्रत्येक नाव लिहा. नवशिके सगळीकडे स्वतःचंच नाव घालतात. कलम ५७ प्रमाणे हक्क विकून टाकला तरी कर्तेपणावर लेखकाचा दावा राहतो. ज्याने पाच वर्षांपूर्वी रात्री जागून तो कोड लिहिला त्याचं नाव तिथे असणं ही मला कायद्याइतकीच सभ्यतेची गोष्ट वाटते.

नाव आणि बोधचिन्ह यांचे हक्क कोडच्या लायसन्समध्ये येत नाहीत. मोझिलाच्या नावाच्या आणि चिन्हाच्या अटी डेबियनच्या कामाशी जुळेनात, म्हणून २००६ पासून २०१६ पर्यंत डेबियनमध्ये फायरफॉक्स आइसविझल या नावाने नांदत होतं. तुम्ही इंटरफेस बदललाय, तर प्रोग्रॅमला नवं नाव द्या आणि ‘अमुकवर आधारित’ असं लिहा. जिल्हा परिषदेचं चिन्ह लेखी परवानगीशिवाय पहिल्या पडद्यावर लावू नका.

नवी आवृत्ती घेताना लायसन्स दर वेळी पुन्हा वाचा. माहिती साठवणाऱ्या प्रोग्रॅमांपैकी मोंगोडीबीने ऑक्टोबर २०१८ मध्ये आणि रेडिसने मार्च २०२४ मध्ये नव्या आवृत्त्यांची लायसन्सं बदलली. पहिल्याला वितरणांनी काढलं, दुसऱ्यातून व्हाल्की हा फाटा निघाला. जुन्या लायसन्सखाली दिलेल्या प्रती मात्र जुन्या अटींवरच राहतात, त्या मागे घेता येत नाहीत. तुमच्या लेखकाने एकदा अपाची २.० दिलं की उद्या त्याचं मन बदललं तरी शाळांकडे गेलेल्या प्रती सुरक्षित आहेत.

त्याचं उत्तरच आलं नाही तर? गप्प राहणं म्हणजे होकार नव्हे. दोन-तीन वेळा, वेगवेगळ्या मार्गांनी विचारून पाहा, आणि मग त्याचा कोड बाजूला ठेवून नव्याने लिहा. कायदा मांडणीला संरक्षण देतो, कल्पनेला नाही. अक्षर दाखवायचं, कळ तपासायची, वेग मोजायचा ही पद्धत कुणाच्याही मालकीची नाही, आणि इनस्क्रिप्टची कळांची मांडणी तर १९९१ च्या आयएस १३१९४ या भारतीय मानकातच दिलेली आहे. लिहिताना जुनी फाईल उघडी ठेवू नका; शक्य असेल तर ज्याने ती पाहिलेली नाही अशा मित्राला बसवा.

तोवर शाळांना थांबवायची गरज नाही. प्रोग्रॅम आणि सरावाचा मजकूर अशी दोन पॅकेजं करा. शिक्षकांनी लिहिलेले उतारे, स्वतः काढलेली शब्दयादी आणि मुक्ता फॉन्ट हे महिनाभरात तयार होईल. त्यात मूळ लेखकाचं काहीच नसल्यामुळे ते लगेच वाटता येईल, आणि दुसऱ्या कुठल्याही टायपिंगच्या प्रोग्रॅममध्येही वापरता येईल. कॉपीराइट फाईलचा पहिला मसुदा झाला की सोर्ससकट पाठवा. मी फाईलनिहाय वाचून कळवते.